जीपगाडींतील बिनतारी यंत्र

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयास चार मिनिटें कमी असतां, लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील जमीन हादरली. आदल्या रात्रीं गणपतिविसर्जनाची मिरवणूक आटोपून लोक निजले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर माळवदाचा जड थर, अशीं तीं घरें झोपलेल्या माणसांवरच खालीं आलीं. आठ ते दहा हजार जीव त्या एका पहाटेस गेले. किल्लारीचें नांव सर्वांच्या तोंडीं राहिलें. परंतु सीमेच्या अलीकडे, तेव्हां उमरगा तालुक्यांत आणि आतां लोहारा तालुक्यांत असलेल्या सास्तूरची गतही त्याहून निराळी झाली नव्हती.

अशा वेळीं दोन गोष्टी हव्या असतात, मदतीचे हात आणि खबर. हात पुष्कळ धांवून येतात. खबर मात्र अडखळते. कोणत्या गांवीं किती माणसें ढिगाखालीं आहेत, कोठें डॉक्टर पाहिजे आणि कोठें नुसत्या पहारी व फावडीं, हें कळल्यावांचून मदतीची गाडी कोणत्या फांट्यास वळवावी? त्यांत पाऊस सुरू झाला, काळ्या मातीचा चिखल झाला, आणि पाहावयास आलेल्यांच्या वाहनांनीं रस्ते तुंबले. संकट पाहावयास गाडी काढून जाणाऱ्यांस काय म्हणावें, हा प्रश्न तेव्हांही कित्येकांनीं केला होता. अशा वेळीं पोलिसांच्या बिनतारीच्या जोडीला परवानाधारक हौशी बिनतारीवालेही आपलीं यंत्रें घेऊन मदतीस उतरले. ज्या यंत्राकडे शेजारीपाजारी एक खर्चिक नाद म्हणून पाहत, तें त्या दिवसांत उपयोगी पडलें.

गाडींत बसून बोलावें आणि गाडींतच उत्तर ऐकावें, ही युक्ति तशी फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनीं १९२८ सालीं गाड्यांत ग्राहकयंत्रें बसविलीं. परंतु शिपायास ठाण्याचा हुकूम नुसता ऐकूं येई, उलट बोलतां येत नसे. न्यू जर्सी संस्थानांतील बेयॉन येथें १९३३ त प्रथम पोलिसांच्या गाडींतून दुतर्फा संभाषण सुरू झालें. योगायोगाची गोष्ट म्हणजे त्याच १९३३ सालीं हिंदुस्थानांत बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना आवश्यक करणारा कायदा झाला.

परवान्याचा विषय निघालाच आहे, तर तो येथेंच संपवावा. हौशी बिनतारीवाल्यास केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांच्या मुलासही ती देतां येते. गाडींतून यंत्र चालवावयाचें तर तशी मुभा आपल्या परवान्यांत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक लहानसा पट्टा २००५ पासून परवान्यावांचून खुला आहे खरा, पण तो पांच वॉटपर्यंतच्या आणि अंगचेंच एरियल असलेल्या यंत्रांपुरता. छपरावर लांब काठी उभारून तो वापरतां येत नाहीं. बाजारांत मिळतें म्हणून कोणतेंही यंत्र आणून जोडणें हा अपराध ठरतो, आणि पोलिसांच्या किंवा विमानांच्या लहरींत त्याचा अडथळा झाला तर तो नुसता कागदोपत्रीं अपराध राहत नाहीं.

हौशी लोकांचा गाडींतील नेहमींचा पट्टा म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. ह्यांतील लहरीची लांबी सुमारें दोन मीटर. ती प्रकाशाप्रमाणें बरीचशी सरळ जाते. दोन जीपगाड्यांचीं एरियलें जमिनीपासून दोन दोन मीटर उंच असलीं, तर सपाट रानांत त्यांची गांठ साधारण अकरा-बारा किलोमीटरांपर्यंत पडते. पण त्यांतील एक गाडी भोंवतालच्या रानाहून शंभर मीटर उंच कड्यावर नेली, कीं तोच पल्ला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर जातो. धाराशिव जिल्ह्यास बालाघाटाचे डोंगर लाभले आहेत, त्यांचें महत्त्व येथें कळतें. तुळजापूरच्या घाटमाथ्यावर उभी केलेली एक गाडी खालच्या मैदानांतल्या चार गाड्यांचे निरोप एकमेकींस पोहोंचवूं शकते. आणि उलट, येडशीच्या रामलिंगघाटांतल्या घळींत उतरलेली गाडी समोरच्या टेकाडापलीकडे मुकी होते. डिसेंबर २०२४ मध्यें त्याच अभयारण्यांत दूर टिपेश्वराकडून चालत आलेला वाघ दिसला. अशा जनावराच्या मागावर असलेल्या माणसांस एकमेकांचा ठावठिकाणा कळणें किती अगत्याचें, हें सांगावयास नको. दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशांत यंत्राची शक्ति दुप्पट करण्यापेक्षां गाडी दहा पावलें वर चढविणें पुष्कळदां अधिक फळ देतें, आणि त्यास पैसाही पडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष बसविण्याचें काम. मेस्त्री पुष्कळदां यंत्राची तार डॅशबोर्डावरील सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत खुपसून मोकळा होतो. ऐकावयास तेवढें पुरतें. बोलावयास पुरत नाहीं. पन्नास वॉटचें यंत्र बोलतांना दहा-बारा ॲम्पियर विजेचा प्रवाह ओढतें. बॅटरीपासून यंत्रापर्यंत चार मीटर, म्हणजे जाऊन येऊन आठ मीटर तार लागली आणि ती एक चौरस मिलिमीटर जाडीचीच असली, तर दहा ॲम्पियरला जवळ जवळ दीड व्होल्ट तारेंतच जिरतो. बारांतील दीड गेल्यावर आवाज फाटतो, यंत्र मध्येंच बंद पडतें, आणि दोष मात्र यंत्राच्या कारखानदारास दिला जातो. तीच तार चार चौरस मिलिमीटरांची घेतली, कीं तूट एकतृतीयांश व्होल्टावर येते. ही जाड तार थेट बॅटरीच्या टोंकांपासून न्यावी, आणि फ्यूज यंत्राजवळ न बसवितां बॅटरीजवळ बसवावा. कारण फ्यूज यंत्राचें रक्षण करतो हा समज अर्धाच खरा आहे. तो मुख्यतः तारेचें रक्षण करतो. खडबडीत रस्त्यानें तार पत्र्यावर घासून उघडी पडली आणि फ्यूज दूरच्या टोंकास असला, तर मधली सगळी तार तापून गाडीस आग लागते. म्हणून इंजिन आणि बैठक ह्यांमधील पत्र्यांतून तार नेतांना त्या भोंकास रबराची कडी बसविण्यास विसरूं नये. चार आण्यांची वस्तु, पण तिच्यावांचून केलेलें काम चांगलें म्हणतां येणार नाहीं.

एरियलची जागा हा खरा वादाचा विषय. दोन मीटरांच्या लहरीस पाव लांबीची, म्हणजे सुमारें अर्ध्या मीटराची काठी पुरते. मात्र तिच्या बुडाशीं धातूचा विस्तृत पत्रा हवा, कारण काठीचें उरलेलें अर्धें काम तो पत्रा करतो. बंद मोटारीच्या छपराचा मध्य ह्यासाठीं उत्तम. परंतु जुन्या जीपगाडीस छप्पर असतें तें ताडपत्रीचें! तेथें एरियल बॉनेटच्या कडेस किंवा मागच्या पेटाऱ्याच्या कोपऱ्यावर बसवावें लागतें, आणि मग आवाज एका दिशेस जोरानें व दुसरीस क्षीण जातो. गाडी थोडी वळवून पाहावी. कित्येकदां तेवढ्यानें समोरचा माणूस ऐकूं येऊं लागतो. ब्रॅकेटाखालचा रंग खरवडून लखलखीत धातूस धातु भिडवावा. वर रंगाचा किंवा ग्रीजचा हात फिरवावा, नाहीं तर पहिल्याच पावसाळ्यांत तेथें गंज धरतो. बिजागऱ्यांवर झुलणारें बॉनेट गाडीच्या अंगाशीं विजेच्या दृष्टीनें नीट जोडलेलें नसतें. तें तांब्याच्या विणलेल्या पट्टीनें जोडून घ्यावें. एरियल जोडल्यावांचून यंत्रावर बोलूं मात्र कधींही नये. बाहेर न गेलेली शक्ति परत फिरून यंत्राचाच घात करते.

यंत्र स्वतः कोठें ठेवावें? गुडघ्यास लागणार नाहीं, चिखलाचे पाय पोहोंचणार नाहींत आणि थोडी हवा खेळेल अशा जागीं. ह्या जिल्ह्यांतील काळी माती उन्हाळ्यांत पिठासारखी उडते आणि प्रत्येक फटींत शिरते. स्क्रूखालीं स्प्रिंगवॉशर घातले नाहींत, तर महिन्याभराच्या कच्च्या रस्त्यांनीं सारें ढिलें होतें. पेट्रोलच्या इंजिनांतील ठिणगीचा तडतडाट यंत्रांत ऐकूं येतो. डिझेलच्या जीपला ती पीडा नाहीं, परंतु वीज उत्पन्न करणाऱ्या अल्टर्नेटरची शीळ असते. इंजिनाचा वेग वाढला कीं तीही चढते, ही तिची ओळख.

खिशांत मोबाइल असतां हा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. रोजच्या व्यवहारास मोबाइल पुरतो, ह्यांत वाद नाहीं. पण त्याचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली कीं मनोऱ्याच्या बॅटऱ्या कांहीं तासांच्या सोबती, आणि त्याच तासांत सगळा मुलूख एकदम फोन करूं पाहतो. शिवाय फोनवर एकजण बोलतो व एकजण ऐकतो. बिनतारीवर एकजण बोलतो तें सर्व गाड्यांस ऐकूं जातें: एका फांट्यावर पूल खचला हें एकदा सांगितलें, कीं मागून येणाऱ्या पांचही गाड्या थांबतात. ह्यासाठीं बोलणारानें शिस्त मात्र पाळावी लागते. बटण दाबून क्षणभर थांबावें, आपली खूण सांगावी, निरोप थोडक्यांत द्यावा, आंकडे दोनदां उच्चारावे, आणि मग बटण सोडून ऐकावें. घाबऱ्या माणसास हें शेवटचें जमत नाहीं. त्याचें बोट बटणावरच राहतें, आणि त्यानें मागितलेल्या मदतीचें उत्तर त्यालाच ऐकूं येत नाहीं.

म्हणून बसविलेलें यंत्र आठवड्यांतून एकदां तरी वापरावें. एक गाडी नळदुर्गाच्या बाजूस, दुसरी तुळजापुराकडे, अशा चालत्या ठेवून कोठें आवाज तुटतो आणि कोठें पुन्हां जुळतो तें नकाशावर पेन्सिलीनें टिपून ठेवावें. पावसाळ्यापूर्वीं एरियलचा जोड उघडून पुसावा, बॅटरीचीं टोंकें घासावीं, आणि दोन जादा फ्यूज यंत्राच्याच पेटींत, चिकटपट्टीनें झांकणास चिकटवून ठेवावे.