तेरा पाऊण पावणेदहा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला 'दहावीनंतरची ती सुट्टी'. दहा मिनिटं दिली आहेत. आठव्या मिनिटाला चिठ्ठी येईल असंही बजावलंय. चिठ्ठी आली तरी मी थांबणार नाही, कारण जे सांगायचंय ते शेवटीच आहे आणि ते सांगायला मला चाळीस वर्षं लागली आहेत.

मार्चमध्ये परीक्षा संपली. निकाल जूनमध्ये. मधल्या काळात आपल्याला कोणीही काहीही विचारत नव्हतं. तसे दिवस आयुष्यात पुन्हा आले नाहीत. एप्रिल लग्नकार्यांत आणि आजोळी गेला. मे महिना मात्र आम्हा सात जणांचा होता. सातांची नावं इथे सांगत नाही, टोपणनावं सांगतो, म्हणजे तुम्हाला लगेच कळेल. पैलवान, मॉनिटर, चष्मेवाला, दोघे भाऊ म्हणजे मोठा बंब आणि छोटा बंब, मी, आणि मालगाडी. वाईला रेल्वे कधी आली नाही, पण मालगाडी आली. कुठेही निघालो की हा मागे. झाड दिसलं की थांब, दगड उचलून बघ, मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघ. मला तेव्हा 'पाऊणकी' म्हणायचे. आजोबांनी माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी घोकून घेतली होती आणि कोणी विचारलं नाही तरी मी ती म्हणून दाखवायचो.

रोज सकाळी घाटावर पोहणं. आपण सगळेच पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो. दहावीपर्यंत आमची अशी समजूत झाली होती की जगातलं कुठलंही पाणी आम्हाला ओळखतं. दुपारी मेणवलीला. नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर ती वसईहून आणलेली मोठी घंटा आहे ना, तिच्याखाली बसून आम्ही पत्ते खेळायचो. एकदा पांडवगड केला. पाणी संपलं आणि उतरताना करवंदांवर निभावलं. संध्याकाळी सगळ्यांची तोंडं चिकानं चिकटलेली. एकदा पसरणीचा घाट चालत चढून पाचगणी. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, त्यामुळे पैलवानाने गावात शिरल्यापासून टेबललँड येईपर्यंत गाणं थांबवलं नाही. त्याचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. जास्त सांगत नाही.

मग महाबळेश्वर. पर्यटकांचं नव्हे, जुनं क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाणी पडतं ते बघत उभे होतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री. भूगोलाच्या बाईंनी ही नावं इतक्या वेळा म्हणून घेतली होती की आमच्या ओठांवर आपोआप आली. आणि मालगाडी म्हणाला, "आपली कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते. मग सावित्री कुठे जाते?"

चष्मेवाला म्हणाला, "आमच्या आत्याच्या घरी."

खरंच होतं ते. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातून पश्चिमेला उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि त्या मुखाच्या अलीकडच्या काठावर, हरिहरेश्वरला, चष्मेवाल्याच्या आत्याचं सासर होतं. कृष्णेचं टोक गाठायचं तर आंध्रात जावं लागलं असतं. सावित्रीचं टोक एका दिवसाच्या एसटीवर होतं. ठरलं! पन्नास-पन्नास रुपये वर्गणी, आणि प्रत्येकाच्या घरी 'आत्या आहे ना तिथे' हे एकच वाक्य.

(मुली त्या सहलीला नव्हत्या. मघाशी चहाच्या वेळी मला दोघींनी सुनावलं की आम्हाला कोणी विचारलंच नाही. मान्य आहे. पुढे ऐकाल तर म्हणाल, बरं झालं.)

आंबेनळी घाटात छोटा बंब तीनदा ओकला. महाडला गाडी बदलली, पुढे माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड होऊन दोनच वर्षं झाली होती. वाटेत एका पाटीवर जुनं नाव आणि दुसरीवर नवं, त्यावरून दोघा बंबांची भांडणं. संध्याकाळी सुपारीच्या वाडीतलं ते कौलारू घर, मागे समुद्राचा आवाज. तो आवाज थांबतच नाही हे आम्हा घाटावरच्यांना रात्री उशिरा लक्षात आलं.

दोन दिवस मजेत गेले. सकाळी मऊभात आणि मेतकूट, दुपारी फणसाची भाजी, वाळूत कबड्डी. बागमांडल्याला जाऊन सावित्रीचं मुख बघून आलो, पलीकडे बाणकोट. मालगाडीने खाडीचं पाणी बोटाने चाखून बघितलं आणि म्हणाला, "खारट झाली रे." त्याला खरोखर वाईट वाटलं होतं.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट आहे. देवळामागून पायऱ्या चढायच्या, कातळाच्या फटीतून पायऱ्यांनीच समुद्राकडे उतरायचं, आणि डोंगराच्या पायथ्याने, उजवीकडे कडा आणि डावीकडे समुद्र ठेवून, वळसा घालून परत देवळाशी. लाटांनी आणि वाऱ्याने तिथला खडक मधाच्या पोळ्यासारखा कोरून काढलाय. ही वाट फक्त ओहोटीला चालायची. भरतीला ती वाट नसतेच, तिथे समुद्र असतो.

आदल्या रात्री पडवीत आतोबा अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. बाकीचे आत पत्ते खेळत होते. मी त्यांना विचारलं, भरती-ओहोटी कशी कळते? ते म्हणाले, "सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती पुरी होते. उद्या त्रयोदशी."

पाऊणपट! माझ्या पाऊणकीचा जगात कोणालातरी उपयोग होता! तेरा पाऊण पावणेदहा, मी ताबडतोब म्हणालो. आतोबांनी मान हलवली आणि आणखी काहीतरी सांगितलं, बहुतेक दुपारी बरोबर येतो असं. मी ऐकलं नाही. मी मनात बाकीच्या तिथ्या करत होतो. चतुर्थी तीन, अष्टमी सहा, द्वादशी नऊ. चंद्र रोज पाऊण तास उशिरा, म्हणून समुद्रही पाऊण तास उशिरा. इतकं सुंदर गणित मी शाळेत केलं नव्हतं.

सकाळी आतोबा वाडीला पाणी सोडायला गेले होते. मॉनिटरने विचारलं, "प्रदक्षिणेला कधी?" मी वडिलांचं घड्याळ बघितलं आणि अगदी खात्रीने सांगितलं, "पावणेदहाला पुरी ओहोटी. आत्ता पावणेसात. आत्ताच निघू, पाणी उतरतंच आहे."

आकडा बरोबर होता. शब्द उलटा होता. कोणी शंका घेतली नाही, कारण गणित माझं होतं.

तुम्ही म्हणाल, समुद्र बघून कळलं नाही? नाही कळलं. तीन तास आधी पाणी निम्म्यावर असतं. चढतंय की उतरतंय हे त्याच्याकडे नुसतं बघून सांगायला तिथेच जन्मावं लागतं, नाहीतर थांबावं लागतं. थांबत होता तो एकटा मालगाडी. खडकातल्या एका खळग्यात समुद्रफूल होतं, ते मिटतं कसं ते बघत तो वाकला होता. आम्ही तिसरा हिस्सा वाट चाललो असू. तो मागून ओरडला, "पाऊणकी, हा दगड मघाशी कोरडा होता!"

त्या क्षणी मला आतोबांचं वाक्य सबंध ऐकू आलं. 'तेवढ्या वाजता भरती पुरी होते.'

मित्रांनो, तेव्हा मागे फिरलो असतो तर पाच मिनिटांत पायऱ्यांवर असतो. मला फक्त 'माझं चुकलं, मागे चला' एवढं म्हणायचं होतं. मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "चल रे मालगाडी, तुझ्यामुळे उशीर होतोय."

पुढचं तुम्ही अनेकदा ऐकलंय. टोकाच्या वळणावर लाट आली ती कमरेच्या वर. चष्मेवाल्याचा चष्मा गेला. मी आणि छोटा बंब कड्यावर आपटलो. मालगाडी सगळ्यात मागे होता, त्याला परतणाऱ्या पाण्याने दोन खडकांच्या मधल्या घळीत ओढलं. तो दिसेनासा झाला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्याचे हात दिसले, त्या पोळ्यासारख्या खडकाच्या भोकांत बोटं रुतवलेली. पैलवान पोटावर आडवा झाला, आम्ही त्याचे पाय धरले, आणि पुढची लाट यायच्या आत पंचा टाकून त्याने मालगाडीला वर घेतलं. कृष्णेतलं पोहणं कोणाच्याही उपयोगी पडलं नाही.

वर एक कंगोरा होता. सात जण त्यावर चढून कड्याला पाठ लावून बसलो. मालगाडीच्या दोन्ही तळहातांची सालं गेली होती. त्याच हातांनी त्याने खिशातली भिजलेली पुडी काढली आणि शेंगदाणे सात वाट्यांत मोजून दिले. मी घड्याळ बघत होतो. खारं पाणी खाऊनही ते चालू होतं. लाटा वर येत राहिल्या. पावणेदहाच्या सुमाराला सर्वांत वरच्या लाटेचा फेस आमच्या पायांखाली दोन हातांवर आला, आणि मग हळूहळू, फार हळू, खाली जायला लागला. पाऊणकी चुकली नव्हती. हे त्या कंगोऱ्यावर फक्त मला ठाऊक होतं.

दुपारी आतोबा शोधत आले. त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "या वेळेला कोण निघालं रे?" मॉनिटर म्हणाला, "वेळेत निघालो होतो, पण मालगाडी रेंगाळला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मॉनिटर खोटं बोलत नव्हता, त्याला तेच माहीत होतं. मालगाडी स्वतःच्या हातांकडे बघत होता. मी पायाकडे.

परत निघताना स्टँडवर आतोबांनी मला बाजूला घेतलं. "तेरा पाऊण किती रे?"

"पावणेदहा."

"काय पावणेदहा?"

"भरती."

ते आणखी काही बोलले नाहीत. गाडी सुटेपर्यंत उभे राहिले. आता ते नाहीत.

घरी कोणाला सांगायचं नाही अशी सातांनी शपथ घेतली, आणि ती जून संपायच्या आत मोडली. तिकडे लॉर्ड्सवर कपिलने विश्वचषक उचलला, आणि इकडे 'मालगाडीने आम्हाला बुडवलंच असतं' ही गोष्ट गावभर झाली. मग ती आपली सगळ्यांचीच झाली. लग्नांत, बारशांत, ग्रुपवर. कोणी उशिरा आलं की 'हरिहरेश्वर करू नकोस' असं म्हणतो आपण. मीही म्हटलंय. मी बँकेत ऑडिटला होतो, लोकांच्या वह्यांमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतला, आणि हे वाक्यही म्हणत राहिलो.

पंचवीस वर्षांच्या मेळाव्यात, याच हॉलमध्ये, ही गोष्ट स्टेजवरून सांगितली गेली. खूप हशा झाला. मालगाडीची मुलगी तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल, ती त्याच्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "बाबा, खरंच तुमच्यामुळे?" मी मागच्याच खुर्चीवर होतो. तो म्हणाला, "अगं, मी हळूच चालतो ना." आणि तो हसला. मी तेव्हाही उठलो नाही. त्यानंतरच्या दोन मेळाव्यांना तो आला नाही. कामं होती म्हणाला. असतीलही.

आज तो आलाय. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ. मुलगीही आली आहे, शेजारीच.

बाळ, तुझ्या बाबांमुळे उशीर झाला नव्हता. आम्ही निघालो तीच वेळ चुकीची होती, आणि ती मी काढली होती. पाणी चढतंय हे सातांपैकी एकट्याने पाहिलं आणि ओरडून सांगितलं, ते तुझ्या बाबांनी. मी ऐकलं, मला कळलं, आणि मी त्यालाच दटावलं.

मालगाडी, दगड मघाशी कोरडाच होता.

चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'वेळ संपली'. ठीक. एकच निवेदन: थंडीत हरिहरेश्वरला जायचं ठरतंय. या वेळी मैत्रिणींनाही विचारलंय, सहा जणींनी नावं दिली आहेत. बाकीच्यांनी जेवणाच्या वेळी मॉनिटरकडे द्यावीत. प्रदक्षिणेची वेळ मी काढणार नाही. ती मालगाडीकडे दिली आहे, आणि तो म्हणतोय, आधी एक दिवस नुसतं बसून पाणी बघू.