झाकणातला आरसा

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! बसा माउली, थोडं पुढं सरका, मागं माणसं उभी आहेत.

मागं एकदा लंडनच्या मराठी मंडळींनी कीर्तनाला बोलावलं होतं. जिथं उतरलो, त्यांच्या शेजारी एक इंग्रज आजोबा, ऐंशीच्या घरातले. वडिलांनी 1950 च्या सुमारास घरी बनवलेला टीव्ही दुरुस्त करत बसले होते. घरी बनवलेला, बरं का! दुसरं महायुद्ध संपलं आणि रडारचं सामान तिथं भंगाराच्या भावानं निघालं. जिच्यावर शत्रूची विमानं शोधायची, ती सहा इंची नळी लोकांनी घरी आणली आणि तिच्यावर नाटकं पाहिली. चित्र हिरवं. राजा हिरवा, राणीही हिरवी!

आजोबांनी व्हॉल्व्ह एकेक काढून पाय पुसले, मेणकागदाचे गळके कपॅसिटर बदलले. पण वीज एकदम द्यायची नाही, महाराज. इतकी वर्षं उपाशी असलेल्याला थेट पंगतीला बसवाल का? आधी पेज. व्होल्टेज हळूहळू चढवण्यात अख्खा दिवस गेला. आत अडीच हजार व्होल्ट, आणि बंद केल्यावरही वीज दबा धरून बसते. म्हणून एक हात खिशात ठेवून काम. मी लांबच बसलो, खरं सांगतो.

त्या पेटीला लागणारं 405 रेघांचं प्रक्षेपण 1985 सालीच थांबलं. म्हणून आजचं चित्र तिच्या भाषेत करून देणारी डबी जोडली. पेटीवर वाकून पाहिलं, तर चित्र पळतंय. एक खुंटी पिळली, पळायचं थांबलं, पण तिरकं फाटलं. दुसरी केसभर फिरवली. आमचे मृदंगमणी गठ्ठ्यावर हलकेच हातोडी मारतात ना, तसं.

चित्र ठरलं, आणि अक्षरं उलटी! नळीतल्या किरणाला डावी-उजवीकडे ओढणाऱ्या पट्ट्यांच्या तारा अदलाबदल जोडलेल्या. आजोबा म्हणाले, "वडिलांची चूक." सोल्डरिंग आयर्न तापत ठेवली.

चटका मला बसला, मंडळी. माझ्या वडिलांच्या वहीत एका अभंगाचे चरण गाथेपेक्षा वेगळ्या क्रमानं होते. ते गेले तेव्हा मी आळंदीहून नुकता शिकून आलेलो. लाल शाईनं आकडे घालून सगळं दुरुस्त केलं. पुढं वारीत त्यांच्या दिंडीतले म्हातारे टाळकरी भेटले. म्हणाले, "अरे, तुझा बाप तो अभंग दिवेघाटात म्हणायचा. सगळ्यांना पाठ ते चरण आधी घ्यायचा, म्हणजे मागच्यांनी उचलावं आणि चढावर त्याला दम खायला मिळावा." ती लाल शाई वहीत अजून आहे. पुसायची कशी?

यजमानांकरवी मी आजोबांना विचारलं, "वडील ही पेटी बघायचे कशी?" त्यांना आठवेना. थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "झाकणात आरसा होता की! नळी वर तोंड करून उभी, झाकण तिरकं उघडायचं, आणि आपण सगळे समोर बसून आरशात बघायचो. घर बदलताना फुटला तो."

आजोबांनी आयर्न बंद केली. आत जाऊन न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून काढून आणला आणि माझ्या हातात दिला. मी तो पेटीवर तिरका धरला. अक्षरं सुलट झाली. पण आजोबांना वाचता येईना, चष्मा ओला झालेला. मग यजमानांच्या नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

धरा टाळ. विठ्ठल विठ्ठल!