जुनी डिझेल गाडी घेण्यापूर्वी
(अधारताल, जबलपूर येथे रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांच्या बैठकीत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून काही जणांनी विचारले की, युनियनच्या बैठकीत मोटारगाडीचे काय काम? महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे विषय संपले काय? संपलेले नाहीत. पण पतसंस्थेच्या कर्जाचे जे अर्ज अलीकडे आमच्या नजरेखालून जातात, त्यांत 'जुनी चारचाकी घेण्यासाठी' हे कारण वारंवार दिसू लागले आहे. पूर्वी केंद्र सरकारच्या नोकराला मोटारीसाठी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, तो बंद झाला. तेव्हापासून आपला माणूस पतसंस्थेकडे, नाहीतर भविष्य निर्वाह निधीकडे वळतो. तीन लाख रुपये ही ट्रॅकमनच्या किंवा पोस्टमनच्या घरात लहान रक्कम नव्हे. हप्ता पाच वर्षे पगारातून कापला जायचा आणि गाडी दुसऱ्याच वर्षी गॅरेजच्या दारात उभी राहायची, असे झाले तर तो प्रश्न पगाराचाच आहे. म्हणून हा विषय.

रेल्वेवाल्याला पास असताना गाडी कशाला, हेही विचारले गेले. प्रश्न योग्य आहे. पण आई-वडिलांना औषधपाण्यासाठी नागपूरला न्यायचे, तर सिवनीमार्गे सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. विदर्भातल्या आपल्या गावापर्यंत रूळ गेलेले नसतात. रात्रपाळी संपल्यावर अधारतालला परतायला दर वेळी वाहन मिळतेच असे नाही. तेव्हा गाडी म्हणजे चैन, असे आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, गाडी घ्या, पण डिझेल घ्यायची की नाही हे आधी हिशेबाने ठरवा, आणि घ्यायची ठरली तर तिचा रंग न पाहता तिची नोंद पाहा.

आधी हिशेब. डिझेल स्वस्त, ही समजूत आपल्या मनात जुनी आहे. २०१२-१३ साली पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे वीस रुपयांहून अधिक फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि तो फरक कमी झाला. आता दहा-पंधरा रुपये धरा. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर चालते असे धरले तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. डिझेल ९२ रुपये आणि गाडी २० किलोमीटर चालते असे धरले तर ४ रुपये ६० पैसे. बचत किलोमीटरमागे २ रुपये ४० पैसे. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याची वर्षाची बचत झाली १४,४०० रुपये. आता जुन्या डिझेल गाडीचे चार इंजेक्टर किंवा टर्बो एकदा बदलायची वेळ आली, की दोन-तीन वर्षांची बचत त्या एका बिलात जाते. वर डिझेल गाडीचा क्लच महाग, बॅटरी मोठी, ऑइल जास्त लागते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, ज्याचे फिरणे महिन्याला हजार किलोमीटरच्या आत आहे त्याने जुनी डिझेल गाडी घेऊ नये. घर ते स्टेशन, स्टेशन ते बाजार, एवढ्यासाठी तर मुळीच नको. डिझेल इंजिन थंड अवस्थेत थोडे थोडे चालवले की त्यात काजळी साठते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना तर धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती मोकळी व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. गल्लीत फिरवली की ती जाळी तुंबते आणि खर्च काढते. योगायोग असा की, आपली पश्चिम मध्य रेल्वे मार्च २०२१ मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालेली देशातली पहिली रेल्वे ठरली. रूळांवरून डिझेल मागे हटते आहे आणि आपण ते अंगणात आणून बांधतो आहोत.

तरीही ज्यांचे फिरणे जास्त आहे, ज्यांचा मुलगा गाडीवर व्यवसाय करणार आहे, किंवा ज्यांना दर पंधरवड्याला गावी जावे लागते, त्यांच्यासाठी आता गाडीकडे वळू.

इटारसीच्या किंवा कटनीच्या डिझेल शेडमध्ये ज्यांनी काम केले आहे, त्यांना इंजिन कसे तपासायचे हे आम्ही काय शिकवणार? शेडमध्ये आलेल्या इंजिनाला कोणी विचारत नाही की तुझा रंग कधी काढला. त्याचे लॉगबुक पाहतात, मागचे शेड्यूल कधी झाले ते पाहतात, आणि वंगण तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तेलात कोणत्या धातूचे कण किती, यावरून कोणता भाग झिजतो आहे ते इंजिन न उघडता कळते. मोटारगाडीच्या बाजारात मात्र आपलाच माणूस चकचकीत पॉलिश, नवे सीटकव्हर आणि मीटरवरचा आकडा पाहून भुलतो. मीटरचा आकडा मागे फिरवता येतो. वर्कशॉपची बिले मागे फिरवणे कठीण. म्हणून पहिली मागणी बिलांची करा. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणते काम झाले, हे ओळीने लावा. नोंद मध्येच दोन वर्षे तुटलेली असेल, तर त्या काळात गाडी कोठे होती ते विचारा.

दुसरे, गाडी सकाळी पाहा आणि थंड पाहा. आपण पोहोचण्यापूर्वी मालकाने इंजिन तापवून ठेवले असेल तर बॉनेटला हात लावून कळते. तसे असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणावे. गरम डिझेल इंजिन आपले दोष लपवते. थंड इंजिन सुरू व्हायला किती वेळ घेते, किती थरथरते आणि धूर कसा टाकते, यात निम्मी परीक्षा होते. धुराचा रंग रेल्वेवाल्याला वाचता येतो. काळा धूर असेल तर हवा कमी पडते आहे किंवा इंजेक्टर जास्त तेल ओततो आहे. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे रिंगा किंवा टर्बो झिजला आहे. पांढरा धूर पहिली दोन मिनिटे चालेल. तापल्यावरही सुटत नसेल तर पाणी आत जाते आहे किंवा डिझेल नीट जळत नाही. मग ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनावर उघडा. फक्‌फक् करून धुराचा झोत येत असेल तर दमडीही देऊ नका.

एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिपस्टिकवर तेल काळे दिसले म्हणून पुष्कळ जण चांगली गाडी सोडून येतात. डिझेल इंजिनात तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काळे होते, कारण काजळी उचलणे हेच त्याचे काम. घाबरायचे ते तेल दुधट, चहासारखे दिसले तर. ते पाणी मिसळल्याचे लक्षण आहे.

कोणती गाडी, असे सगळेच विचारतात. आम्ही कोणत्या कंपनीचे एजंट नाही. पण जुन्या गाडीत सुटे भाग आणि हात माहीत असलेला मिस्त्री या दोन गोष्टी कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या. फियाटच्या आराखड्याचे १२४८ सीसीचे इंजिन मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये होते, टाटाच्या इंडिका व्हिस्टा आणि मांझामध्ये होते, आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटो-लिनियामध्येही होते. गमतीने त्याला देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हणत. त्यात टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी आहे आणि ते उघडलेले मिस्त्री गावोगावी आहेत. मात्र मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे बंद केले. तेव्हा त्यांची सर्वांत नवी डिझेल गाडीही आता बरीच जुनी झाली, हे भाव करताना लक्षात ठेवा. टाटांची मूळ इंडिका १९९८ च्या डिसेंबरात आली. पुण्याच्या कारखान्यातली ती गाडी आपल्यातल्या पुष्कळांची पहिली चारचाकी. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. रेनॉच्या दीड लिटरच्या डिझेल इंजिनालाही बेल्टच आहे. बेल्ट मुदतीत बदलल्याचे बिल नसेल तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचे काम निघते.

टॅक्सी म्हणून धावलेली डिझायर किंवा इंडिका पांढरी पाटी लावून खाजगी म्हणून विकली जाते. नोंदणीचा इतिहास पाहिला तर ते कळते. नागपूरकडची गाडी असेल तर आणखी एक तपासा. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरात पूर आला, तेव्हा वस्त्यांत उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहा, टोकाशी चिखलाची रेघ दिसते का. सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का, गालिचाखाली कुबट वास येतो का, ते पाहा. कॉमन रेल गाडीच्या वायरिंगमध्ये एकदा पाणी शिरले की तो आजार जन्माचा.

आता दिल्लीच्या गाड्या. हरित लवादाने २०१५ साली दिल्ली व आसपासच्या राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. पुढे २०२५ मध्ये तिच्यात बदल झाले, तरी तोवर तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत उतरण्याची रीत पडून गेली होती. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून ग्राहकाला वाटते की सोने मिळाले. आमच्या एका सभासदाने अशी 'डीएल' पाटीची गाडी घेतली. बाजारभावापेक्षा सत्तर हजारांनी स्वस्त. नाहरकत दाखला, म्हणजे फॉर्म नंबर २८, दलाल 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणाला. तो आठवडा आठ महिने चालला. शेवटी दाखला आला, एमपी-२० ची नवी नोंदणी झाली, इथला कर भरला, आणि सत्तरातले जेमतेम दहा हजार उरले. गाडी वाईट नव्हती. पण आठ महिने ती घरासमोर झाकून ठेवावी लागली, हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच माणूस बुडतो. एकाच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी, असा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० चा हिशेब आहे. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठी. गाडीवर कर्ज होते का ते पाहा. असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेली चलने गाडीच्या नंबरावर दिसतात, तीही पाहा. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. मागच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुमचा होत नाही. व्यवहार गाड्यांच्या दुकानदाराकडून असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते, ते मागा. आणि गाडी चौदा-पंधरा वर्षांची असेल तर लक्षात ठेवा, पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते, आणि त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० वरून ५,००० रुपये झाले.

हे विकणाऱ्यालाही लागू आहे. आपली जुनी गाडी विकून 'नाव होईल नंतर' म्हणणारे सभासद इथेही बसले असतील. २००९ सालच्या एका अपघातात एका मुलाचा जीव गेला. गाडी हातोहात तीन-चार जणांकडे गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, भरपाई त्यानेच द्यायची. गाडी विकून वर्ष-दोन वर्षे झालेल्या माणसावर ती रक्कम आली.

नोकरीतल्यांसाठी आणखी एक. दोन महिन्यांच्या मूळ पगारापेक्षा जास्त किमतीची जंगम वस्तू घेतली किंवा विकली, तर महिन्याच्या आत कार्यालयाला कळवावे लागते. रेल्वेत १९६६ च्या आणि डाक खात्यात १९६४ च्या आचरण नियमांत नियम १८ खाली हे आहे. विकणारा आपल्या कामाशी संबंध येणारा ठेकेदार असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. स्वकष्टाच्या पैशाची गाडी, आणि एका न दिलेल्या कागदामुळे आरोपपत्र! अशी केस लढायला युनियन तयार असते, पण ती उभीच राहू नये असे आम्हाला वाटते. अर्जाचा नमुना कार्यालयात ठेवला आहे.

पैशाबाबत एकच सांगतो. जवळ तीन लाख असतील तर दोन लाख चाळीस हजारांची गाडी शोधा. उरलेले साठ हजार पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, सगळे फिल्टर, ऑइल, विमा, नावबदल, यांतच त्यातले बरेच जातील. तीन लाखांची गाडी तीन लाखांना घेणारा माणूस पहिल्या बिघाडाला सावकाराकडे जातो.

जबलपूरसारख्या गावात डिझेल कळणाऱ्या माणसांची वाण नाही. १९६९ पासून इथे व्हेइकल फॅक्टरी लष्कराचे ट्रक बांधते आहे. तिथून निवृत्त झालेले कारागीर आपल्या वस्त्यांत राहतात, शेडमधून निवृत्त झालेले आपले बंधू आहेत. त्यांना सोबत न्या आणि चहावर भागवू नका, त्यांच्या कामाचे पैसे द्या. दलालाला देता तेवढे नाही, तरी निम्मे तरी. ज्यांना येत्या महिन्यात गाडी पाहायची आहे त्यांनी कार्यालयात नाव लिहावे, रविवारी सकाळी सातला आम्ही दोन जाणकारांसह निघू. गाडीच्या मालकाला आदल्या रात्रीच निरोप द्या की, आम्ही येईपर्यंत चावी लावू नका.