वाट पाहणें



नोकरीच्या हुकुमाची, परगांवीं गेलेल्या मुलाच्या खुशालीची, आजाऱ्याचा ताप उतरण्याची वाट पाहण्यांत आपल्या आयुष्याचा केवढा तरी भाग जातो. संकटापेक्षांही त्याचा शेवट कधीं व कसा होईल हें न कळणें मनुष्याला अधिक जाचतें. अशा वेळीं वडीलधारी माणसें सांगतात, "देवावर भरंवसा ठेव, धीर धर." हा उपदेश आपण ऐकत आलों, दुसऱ्यांना करीतही आलों. त्याचा अर्थ काय, याचा आज आपल्यासमवेत थोडा वेळ विचार करावा असें मनांत आहे.

माझ्या लहानपणीं धाकटा भाऊ विषमज्वरानें अंथरुणाला खिळला होता. "एकविसावा दिवस जाऊं द्या," एवढेंच डॉक्टर सांगत. आई रोज सायंकाळीं देवापाशीं निरांजन लावी, क्षणभर उभी राही आणि पुन्हां उशापाशीं येऊन कपाळावरची पट्टी बदलूं लागे. भाऊ बरा झाला. त्याच आळींत आणखी एका घरीं अशीच वाट पाहिली जात होती. तेथील मूल मात्र गेलें. त्या माउलीची श्रद्धा माझ्या आईच्या श्रद्धेहून उणी होती, असें म्हणण्याची माझी छाती होणार नाहीं. म्हणून, श्रद्धेनें वाट पाहिली कीं मागितलेलें मिळतेंच, असें आश्वासन मी आपणांस देऊं शकत नाहीं. ज्यांचें नांव घेऊन आपण एकमेकांना धीर देतों, त्या तुकाराममहाराजांनाही तसें मिळालें नव्हतें.

इ. स. १६३० च्या सुमारास दक्षिणेंत व गुजराथेंत भयंकर दुष्काळ पडला. शहाजहान बादशहाच्या दरबारी इतिहासकारानेंही त्याची नोंद करून ठेविली आहे. देहू येथील तुकारामांचें घर खाऊनपिऊन सुखी होतें. घरांत वाण्याचा व्यापार व सावकारी होती आणि विठ्ठलाची उपासना पूर्वजांपासून चालत आलेली होती. त्या दुष्काळांत पैसा गेला, मान गेला आणि एक पत्नी अन्न अन्न करीत गेली. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. ज्या देवाची घराण्यानें इतकीं वर्षें सेवा केली, त्यानें ऐन वेळीं हात दिला नाहीं, असें म्हणून त्यांनीं पाठ फिरविली असती, तर त्यांना दोष कोणी द्यावयाचा?

त्यांनीं पाठ फिरविली नाहीं. गांवांतील देऊळ भंगलें होतें, तें नीट करावें असें त्यांच्या मनानें घेतलें. स्वतःचा संसार मोडलेला असतां ते देवाचें घर उभारूं लागले. चरित्रकार असेंही सांगतात कीं, लोकांकडून येणें असलेल्या रकमांचीं खतें त्यांनीं बाहेर काढलीं, अर्धीं धाकट्या भावाच्या हवालीं केलीं आणि आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत सोडून दिलीं. भावाच्या हक्कावर त्यांनीं आपलें वैराग्य लादलें नाहीं, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्यांचीं घरें आधींच खचलीं होतीं, त्या ऋणकोंच्या मानेवरचें तेवढें तरी ओझें उतरलें. पाऊस पाडणें तुकारामांच्या हातीं नव्हतें. कर्ज सोडणें होतें. हातीं होतें तें त्यांनीं केलें आणि हातीं नव्हतें तें विठ्ठलावर सोपविलें.

आपला शेतकरी दरसाल हेंच करीत असतो. वैशाखाच्या उन्हांत, आभाळांत ढगाचा ठिपकाही नसतां, तो नांगरट उरकतो, ढेकळें फोडतो, बीं निवडून ठेवतो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. परंतु पाऊस त्याच दिवशीं येईल असा करार त्याला कोणी लिहून दिलेला नसतो. शेत न नांगरतां आभाळाकडे डोळे लावून बसणें हा आळस होय, आणि आपल्या नांगराच्या जोरावर पाऊस येईल असें समजणें हा अहंकार होय. श्रद्धेची वाट या दोहोंच्या मधून जाते.

परंतु हातीं करण्यासारखें कांहींच उरत नाहीं, अशीही वेळ येते. तुकारामांवर ती आली. अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या, तेव्हां ते त्याच नदीच्या कांठीं तेरा दिवस अन्नपाण्यावांचून बसून राहिले, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. ही कथा आपण शेवट ठाऊक असतांना ऐकतों. वह्या कोरड्या वर आल्या, हें आपणांस आधींच माहीत असतें. म्हणून ते तेरा दिवस आपल्याला थोडे वाटतात. सातव्या रात्रीं त्या कांठावर बसलेल्या माणसाला मात्र पुढें किती रात्री आहेत हें कोणी सांगितलेलें नव्हतें. आपल्या संकटांत आपण सारेच त्या सातव्या रात्रीं बसलेले असतों.

अशा रात्रीं मला पंढरपूरची कथा आधार देते. आईवडिलांच्या सेवेंत गढून गेलेल्या पुंडलिकाच्या दारीं देव आला. पुंडलिक उठला नाहीं. त्यानें वीट पुढें केली आणि सेवा पुरी होईपर्यंत थांबण्यास सांगितलें. देव रागावून परत गेला नाहीं; कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला. आपण देवाची वाट पाहतों असें आपण म्हणतों. या कथेंत वाट पाहणारा देव आहे, आणि भक्ताच्या हातांतली सेवा त्याला आपल्या दर्शनाच्या आड आलेली वाटत नाहीं.

त्या दुसऱ्या माउलीविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. माझा भाऊ उठून बसूं लागला, तेव्हां पेजेची वाटी पदराखालीं झांकून ती आमच्या घरीं आली. स्वतःच्या हातानें तिनें त्याला ती पेज पाजली आणि कांहीं न बोलतां निघून गेली. आई बराच वेळ दाराशीं उभी होती. ज्या घरांत मागितलेलें मिळालें नाहीं, त्या घरूनच आमच्या घरीं ती वाटी आली. तिच्या उंबऱ्याशींही देव विटेवर उभाच होता, अशी माझी श्रद्धा आहे. पुरावा म्हणून माझ्यापाशीं ती पेजेची वाटी आहे, दुसरा नाहीं.