गरीची काठी, हाताच्या मापाची

हातातलं काम चालू असेल तर चालू ठेवा. भाकरी थापा, भाजी निवडा, फक्त कान इकडे असू द्या. आज मी गरीच्या काठीबद्दल बोलणार आहे. हो, मासे गरवायची बांबूची काठी. ती घरी कशी करायची, ती करताना आमच्या गटाचं काय चुकलं आणि आम्ही ते कसं निस्तरलं, ते सांगते. कारण चूक सांगितली नाही, तर पुढच्या गटाचे पैसेही तिथेच बुडतील.

आमची वाडी सिंधुदुर्गात, खाडीच्या काठावर. गटात आम्ही दहा जणी. दर गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात. आरती झाली, जेवणं झाली, की पोरं-बाप्ये खाडीवर गरवायला पळतात. मग काठीसाठी शोधाशोध. कुणी कुणाच्या बेटातला बांबू ओढतो, कुणी बाजारातून प्लॅस्टिकची काठी आणतो, ती दुसऱ्या दिवशी मोडते. आम्हाला वाटलं, बांबू आपल्या परड्यात आहे, हात आपले आहेत, मग काठ्या आपणच का करू नयेत? गटाच्या पेटीतून सहा हजार रुपये उचलले आणि श्रावणात तीस काठ्या केल्या. सगळ्या एकाच लांबीच्या, बारा फुटी. हिरवागार बांबू तोडला, पुसला, वरून वॉर्निश मारलं. दिसायला इतक्या देखण्या, की आम्हीच आमची पाठ थोपटली.

गणपतीत चौदा काठ्या खपल्या. दोन-तीन दिवसांत त्यातल्या नऊ परत आल्या. कुणाची शेंड्याला चिरली, कुणाला ती इतकी जड झाली की मनगट दुखलं, कुणाची होडीत मावेना. नऊ जणांचे पैसे परत केले. उरलेल्या काठ्या पडवीत उभ्या होत्या. दिवाळीची साफसफाई करताना बघितलं, तर खाली पिवळं पीठ सांडलेलं. भुंगा लागला होता. काठी हातात घेऊन दाबली, तर कुरकुरली.

त्याच महिन्यात आमच्यातल्या एकीला मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. ती पेटीकडे आली आणि पेटीत पैसे नव्हते. ती कुणाला काही बोलली नाही. कानातलं गहाण ठेवून तिनं फी भरली. मी गटाची समन्वयक. हिशोबाच्या वहीवर सही माझी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीत मी काठ्यांचा विषय बंद करूया म्हणाले. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकी, ज्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत, त्या म्हणाल्या, "गो बाय, चपला सगळ्यांका एकाच मापाची घेतंस काय? मगे काठीच कित्याक एका मापाची?" मग त्यांनी घरी नेऊन त्यांच्या वडिलांची काठी दाखवली. चुलीवरच्या माळ्यावर आडवी ठेवलेली, धुरानं तांबूस-काळी झालेली. इतक्या वर्षांत तिला एक भोक पडलेलं नव्हतं. शेंडा वाकवला, सोडला, की सरळ उभा.

त्या एका काठीनं आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. काठी हाताच्या मापाची हवी आणि बांबूला वेळ द्यायला हवा. आजच्या बोलण्यातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, या दोन गोष्टी धरून ठेवा.

आधी माप. आता आम्ही बांबूला कोयता लावण्याआधी चार प्रश्न विचारतो. पहिला, उभं राहून कुठून गरवणार? होडीतून असेल तर पाच-सहा फूट पुरे. मागे झाडी असलेल्या बांधावरून असेल तर सात-आठ फूट, नाहीतर शेंडा फांद्यांत अडकतो. मोकळ्या काठावरून दहा-बारा फूट. दुसरा, कुठला मासा? मुडदुशे, काळुंद्र यांना बारीक, लवचिक शेंडा लागतो. तांबोशी धरायची तर काठी जाड आणि ताठ हवी, कारण ती गरी लागली की खडपात शिरायला बघते. तिसरा, काठी धरणार कोण? दहा वर्षांच्या मुलाची, बाईची आणि उंच बाप्याची काठी एक नसते. चौथा, नेणार कशी? बारा फुटी काठी एसटीत शिरत नाही. चाकरमान्याला काठी मुंबईला न्यायची असेल, तर ती दोन तुकड्यांची करावी लागते.

हाताचं माप घ्यायची सोपी रीत आहे. त्या माणसाला काठी एका हातात आडवी धरायला सांगा आणि शंभर अंक मोजा. शंभरच्या आत मनगट भरून आलं, तर काठी लांब आहे, जड आहे किंवा मूठ चुकीच्या जागी आहे. मूठ थोडी पुढे घ्या, बुंधा कापा, पुन्हा मोजा.

आता बांबू. आमच्याकडे कळक आहे, तो जाड आणि पोकळ. तो शिडीला, मांडवाला चांगला. गरीच्या काठीला माणगा उत्तम. त्याला काटे नाहीत आणि तो जवळजवळ भरीव असतो. बेटात शिरलं की कोवळा आणि जून ओळखायला शिका. यंदाचा बांबू हिरवागार दिसतो, अंगावर पांढरी भुकटी असते, पेरांवर सालपटं चिकटलेली असतात. आम्ही त्यालाच भुललो होतो. तीन वर्षांचा बांबू मळकट दिसतो, अंगावर डाग असतात, सालपटं गळून गेलेली असतात, टिचकी मारली तर खणखणतो. तो घ्यायचा. पावसात तोडू नका. तेव्हा बेट कोंब काढत असतं, आपण कोंब तुडवतो आणि पुढच्या वर्षाचा बांबू घालवतो. दिवाळीनंतर, थंडीत तोडा. जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही.

बऱ्याच जणी विचारतात, बांबू तोडायला परवाना लागतो का? 2017 साली भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू त्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे परड्यातल्या, बांधावरच्या बांबूची ती जुनी अडचण गेली. जंगलातल्या बांबूला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका.

भुंग्याचं काय? बांबूत पिठूळ, गोड अंश असतो, भुंगा त्यासाठी येतो. जुनी रीत अशी, की तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत सुकवायचा, नाहीतर चुलीच्या धुरावर काही महिने ठेवायचा. काकींच्या वडिलांनी तेच केलं होतं. ज्यांच्या घरी आता चूल नाही, त्यांनी बोरॅक्स आणि बोरिक पावडर वापरावी. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम बोरॅक्स आणि दोनशे ग्रॅम बोरिक पावडर. कोमट पाण्यात लवकर विरघळते. एवढे लांब बांबू बुडवायचे कशात? आम्ही चार इंची पीव्हीसी पाइपचं एक तोंड बंद केलं, पाइप भिंतीला तिरपा टेकवून बांधला, त्यात बांबू सोडले आणि वरून पाणी भरलं. माणगा भरीव असल्यामुळे औषध सावकाश मुरतं, म्हणून दोन आठवडे ठेवतो. हातमोजे घाला. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. मुलं आणि गुरं लांब ठेवा. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू नका, पुढच्या खेपेला वापरा.

मग सुकवणं. उन्हात नाही, सावलीत. उन्हात चिरतो. शेंडा खाली करून आढ्याला टांगा आणि शेंड्याला छोटा दगड बांधा, म्हणजे सुकताना सरळ राहतो. निदान दीड-दोन महिने. इथे घाई केली की सगळं फुकट. एखादी जागा वाकडी राहिली तर निखाऱ्यावर काठी फिरवत फिरवत शेकायची. साल चकाकायला लागली, की गुडघ्यावर हळूच दाबून सरळ करायची आणि ओल्या फडक्यानं पुसून तशीच धरून ठेवायची.

आता परीक्षा. काठीच्या शेंड्याला पाव किलो मिठाची पिशवी बांधा आणि बुंधा धरून उचला. वाक शेंड्याकडून सुरू होऊन हळूहळू खाली यायला हवा. एखाद्या गाठीपाशी कोपरासारखी मोडून वाकली, तर ती काठी विकायची नाही. वेलीला आधार द्यायला ठेवा.

बांधणीत आपला हात बसलेलाच आहे. हिरांच्या केरसुणीची मूठ आपण आवळून बांधतो, तसाच नायलॉनचा दोरा शेंड्याजवळ आणि मुठीवर गुंडाळायचा. दोऱ्याचं पहिलं टोक वेढ्यांखालीच दाबायचं, गाठ मारायची नाही. शेवटच्या सात-आठ वेढ्यांखाली दोऱ्याचा एक फास ठेवायचा, टोक त्यात ओवायचं आणि फास ओढून टोक आत घ्यायचं. वर गोंद, मग पातळ वॉर्निशचे दोन हात. बोरॅक्स पाण्यानं धुऊन जातं, म्हणून वॉर्निश हवंच, पण बांबू पूर्ण सुकल्यावर. आम्ही ओल्यावर मारलं होतं, त्यानं ओल आत कोंडली.

तंगूस नुसती शेंड्याला बांधू नका. मुठीजवळ बांधा, काठीवरून सैल वेढे देत शेंड्यापर्यंत न्या आणि तिथे पुन्हा बांधा. मोठ्या माशानं शेंडा मोडला, तरी तंगूस आपल्या हातात राहते. शेंड्यापासून पुढची तंगूस काठीच्या लांबीपेक्षा वीतभर कमी ठेवली, की काठी उभी केल्यावर गरी सरळ हातात येते. वजनाला शिसं वापरलंत तर ते दातानं दाबू नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. शिसं पोटात जाणं वाईट. आम्ही लोखंडी नट बांधतो.

दोन तुकड्यांच्या काठीला मधे पितळेची नळी बसवतो, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं आत जाईल अशी. जोडाच्या जागी काठी थोडी ताठ होते, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. खरं सांगितलं की काठी परत येत नाही.

आता हिशोब. बांबू पन्नास रुपये, तंगूस-गरी-बूच चाळीस, दोरा-गोंद-वॉर्निश पस्तीस, औषध दहा. झाले एकशे पस्तीस. पहिल्या वर्षी आम्ही इथेच थांबलो आणि काठी दीडशेला विकली. बायांनो, आपले चार तास कुठे गेले? आता तासाचे पन्नास धरतो, म्हणजे दोनशे. वाया जाणाऱ्या काठ्यांचे तीस. एकूण तीनशे पासष्ट. काठी चारशेला जाते, आणि मापाची असल्यामुळे कुणी घासाघीस करत नाही. आधी शंभर रुपये आगाऊ घेतो, मगच माप घेतो. आपली मजुरी शून्य धरली, तर नफा दिसतो खरा, पण तो आपल्याच घामाचा असतो.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात बांबू तोडला. मे महिन्याच्या सुट्टीला बारा काठ्या गेल्या, गणपतीला वीस. एक परत आली, ती दुरुस्त करून दिली. पेटीतले सहा हजार भरले गेले. आणि जिच्या कानातलं गहाण होतं, तिनं ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी सोडवून आणलं. मी तिला विचारलं, राग आला होता का? ती म्हणाली, "आला होता. पण काठीचा नाही, विचारल्याशिवाय पैसे उचलले याचा." तेव्हापासून आमच्या वहीत नियम आहे. नवीन धंद्याला पेटीतला निम्म्याहून जास्त पैसा लावायचा नाही, आणि पहिल्या खेपेला तीस नाही, तीनच वस्तू करायच्या.

जाता जाता दोन-तीन गोष्टी. विजेच्या तारांखाली लांब काठी उभी करू नका. ओला बांबू वीज नेतो. ढग गडगडले तर काठी खाली ठेवून घरी या. तुटलेली तंगूस काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायांत अडकते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी. गरीला ती बंदी नाही, पण लहान मासा आणि अंड्यांनी भरलेला मासा परत सोडा.

काकी आता बैठकीत बोलतात. माप घ्यायचं काम त्यांचंच. परवा एक आठ वर्षांची मुलगी आली. काकींनी तिचा हात आपल्या हातात घेतला, बोटं मोजल्यासारखी चाचपली आणि मला म्हणाल्या, "सा फूट. आणि मूठ बारीक कर." मी वहीत लिहून घेतलं.

तुमच्या परड्यातही एखादं बेट असेल. आज संध्याकाळी जाऊन बघा, त्यातला तीन वर्षांचा कुठला. तोडू नका, नुसती खूण करून ठेवा. दिवाळीनंतर कामाला लागू.