राबाच्या बांधावर प्रथमोपचाराची पेटी



भाताचे बी पेरण्यापूर्वी आपण ते मिठाच्या ३ टक्के द्रावणात टाकतो, पोकळ बी काढतो आणि मग बीजप्रक्रिया करतो. रोग दिसण्याची वाट पाहत नाही. घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र हात भाजल्यावर किंवा विळा लागल्यावर आपली धावाधाव सुरू होते. म्हणून आज भाजणे व जखमा यांवरील प्रथमोपचार आणि त्यासाठी लागणारी पेटी यांविषयी सांगणार आहे.

मावळात उन्हाळ्याच्या अखेरीस राब भाजतात. वारा फिरला की ज्वाळा अंगावर येते. लोणावळ्यात चिक्की करताना गुळाचा उकळता पाक हातावर उडतो. कापणीत विळा लागतो, चिखलणीत पायात काच शिरते. आंदर, नाणे व पवन मावळातील आतल्या वाड्यांतून दवाखाना गाठेपर्यंत जो वेळ जातो, तो तुमच्या हातातला असतो.

भाजल्यास काय करावे?

कपडे पेटल्यास पळू नये. माणसाला आडवे करून घोंगडीत गुंडाळावे किंवा पाणी ओतावे. मग भाजलेला भाग लगेच साध्या थंड, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली २० मिनिटे धरावा. नळ नसेल तर तांब्याने सतत पाणी ओतावे. बर्फ लावू नये. पाक चिकटला असेल तर तो ओढून न काढता तसाच पाण्याखाली धरावा. कातडीला चिकटलेला कपडाही ओढू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. मूल असेल तर बाकीचे अंग कोरड्या कपड्याने झाकून उबदार ठेवावे.

शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, शेण, राख यांपैकी काहीही लावू नये. त्यामुळे जखमेत जंतू जातात आणि डॉक्टरांना भाजल्याची खोली कळत नाही. फोड फोडू नयेत. स्वच्छ ओल्या गॉजने किंवा कोऱ्या प्लास्टिकच्या पातळ कागदाने सैल झाकावे.

रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, गुप्तांग भाजले असेल, तर दवाखान्यात न्यावेच. लहान मुले व वृद्ध यांच्या बाबतीत थोडे भाजले तरी दाखवावे. पंपाच्या विजेचा धक्का बसल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. विजेची जखम बाहेरून लहान दिसली तरी आत खोल असू शकते.

जखम झाल्यास

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून १० मिनिटे घट्ट दाबावे, मध्येच उचलून पाहू नये. रक्त वर आल्यास त्यावर दुसरी घडी ठेवावी. सुतळीने आवळू नये. आत रुतलेली वस्तू उपटू नये. किरकोळ जखम साबण-पाण्याने धुऊन झाकावी. बोट तुटल्यास ते ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून सोबत न्यावी.

मातीत व शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. मळक्या जखमेनंतर, मागील मात्रेला ५ वर्षे झाली असल्यास धनुर्वाताची लस घ्यावी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या खाचरातील पाण्यातून, जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसही होतो. पुढे ताप, अंगदुखी आल्यास खाचरात काम केल्याचे डॉक्टरांना सांगावे.

पेटीत काय असावे?

निर्जंतुक गॉज, ३-४ गुंडाळी बँडेज, चिकटपट्टी, त्रिकोणी झोळी, पोव्हिडोन आयोडीन, साबण, रबरी हातमोजे, बोथट टोकाची कात्री, चिमटा, पॅरासिटामॉल, क्षारसंजीवनीची पाकिटे, विजेरी. झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर १०८ क्रमांक, जवळच्या आरोग्य केंद्राचा व वाडीतील गाडीवाल्याचा फोन आणि घरातील प्रत्येकाच्या लसीची तारीख लिहा. मावळच्या पावसात दमट हवेने गॉज खराब होते, म्हणून डबा घट्ट झाकणाचा घ्या. भिजलेले पाकीट टाकून द्या. दरवर्षी राबापूर्वी व कापणीपूर्वी पेटी उघडून मुदत संपलेल्या वस्तू बदला.

राब पेटवण्याआधी ही पेटी व पाण्याचे दोन हंडे बांधावर ठेवा. मुलांना लांब ठेवा. वारा असेल तर काम पुढे ढकला. त्याहून चांगले म्हणजे राब न भाजता रोपे करणे. चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात, त्यामुळे राब भाजावा लागत नाही.

पेटीला फार खर्च येत नाही. ती कुठे आहे आणि त्यातले काय कशासाठी आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. आज घरी गेल्यावर एवढे कराच.