रविवारची सुटी



रविवार पाहून आपण शिवाजीनगरात हा समारंभ योजलात. गिरणीकामगारांना हा रविवार कोणी मिळवून दिला, असे आम्ही वर्गात विचारतो, तेव्हा मुले सरकारचे नाव घेतात!

मुंबईत 1854 साली पहिली कापडगिरणी स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकणातली, घाटावरची माणसे चाळींतून दाटली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. आठवड्याची सुटी ठाऊक नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मालकांनी सुटी मान्य करावयास 10 जून 1890 उजाडला. त्याच सुमारास, 1889 मध्ये, शिकागोच्या मजूरवस्तीत जेन ॲडम्सबाईंनी ‘हल हाऊस’ उघडले. बाईंपाशी वडिलांचा वारसा होता. लोखंडे गिरणीतच नोकरी केलेले गृहस्थ.

1893 च्या हिंदु-मुसलमान दंग्यानंतर ते सलोख्यासाठी झटले. आम्हांस ते विशेष जवळचे वाटतात ते यामुळे.

1896 साली दाट वस्तीत प्लेग शिरला. रोग्यांसाठी धावपळ करताना फेब्रुवारी 1897 मध्ये लोखंडे त्यानेच गेले. वस्त्या सुधारण्यासाठी मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला तो 1898 साली.